रिकाम्या तीन तासांचे पैसे

मूल बालवाडीत बसलंय. सांभाळणाऱ्या मावशींच्या घरात ते नाही, त्यांच्या कडेवर नाही, त्यांच्या हातचं जेवतही नाही. मग त्या तीन तासांचे पैसे मावशींना द्यायचे की नाही?

प्रश्न एवढासाच आहे. पण त्याचा धागा धरून निघालात, तर कुठल्या कुठे जाऊन पोहोचता! कारखान्याची पाळी, शाळेची घंटा, इंग्लंडचा कायदा, फ्रान्समधली पगारपत्रकं, इस्रायलमधल्या पाळणाघरांत झालेला एक गाजलेला प्रयोग आणि पालघर जिल्ह्यातली एक टेकडी, असं सगळं या तीन तासांच्या पोटात दडलेलं आहे.

सुरुवात कामथडीपासून करू. भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा महामार्गाच्या पट्ट्यातलं हे गाव. पुण्याच्या दिशेला खेड शिवापूरकडचे कारखाने आणि गोदामं. साताऱ्याच्या दिशेला नीरा ओलांडली की शिरवळ आणि तिथली औद्योगिक वसाहत. महामार्ग सोडून डोंगराकडे वळलं की भाताची खाचरं. अशा पट्ट्यातल्या एका घरातली आई पहाटे आवरून कंपनीच्या गाडीची वाट बघते, तर शेजारच्या घरातली आषाढात आवणीला चिखलात उतरते. दोघींची कामं निराळी आणि वेळाही निराळ्या. त्यांची तीन-चार वर्षांची मुलं मात्र एकाच वेळी अंगणवाडीच्या दाराशी येतात.

आता घड्याळ मांडून बघा. पहिली पाळी सातची धरली, तर आई साडेसहाला घराबाहेर पडणार. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये ठरवलं की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्तच आहे. पण त्यामुळे कंपनीचा भोंगा आणि शाळेची घंटा यांच्यात किमान दोन तासांची फट राहते. बरं, शाळा भरली तरी ती किती वेळ? खासगी प्ले-स्कूलसाठी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचना दिवसाला तीन ते चार तास सांगतात. केंद्राचा 2023 चा 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम अंगणवाडीत रोज किमान दोन तास बालशिक्षण व्हावं, असं म्हणतो.

म्हणजे बालवाडी दिवसाच्या ऐन मध्यावर येऊन बसते आणि आईच्या कामाच्या दिवसाचे तीन तुकडे करते. सकाळचा एक, शाळेचा एक, दुपारचा एक. यातला मधला तुकडा सरकार किंवा शाळा उचलते. उरलेले दोन कुणी उचलायचे?

यात अंगणवाडीची चूक काढण्यात अर्थ नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांनी सुरू झाली. महाराष्ट्रातला पहिला प्रकल्प मेळघाटातल्या धारणीचा. तेव्हा डोळ्यांसमोर होतं कुपोषित मूल. त्याला खाऊ घालायचं, लस टोचायची, त्याचं वजन करायचं, चार गोष्टी शिकवायच्या. आजही तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, वर्षातले 300 दिवस मिळावीत, असा नियम आहे. मुलाच्या पोटाचा हिशोब इतका चोख. त्यात आईच्या पाळीचा हिशोब नव्हता, कारण ते त्या योजनेचं कामच नव्हतं.

साडेसहा तास की साडेनऊ?

आता मावशींचा हिशोब. खालचे आकडे कुणाच्या दरपत्रकातले नाहीत, फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, मूल सकाळी 6.30 ला मावशींकडे येतं. 9.30 ला मावशी त्याला बालवाडीत सोडतात, 12.30 ला घेऊन येतात. आई 4 वाजता येते. सकाळचे तीन तास आणि दुपारचे साडेतीन, म्हणजे मूल मावशींकडे साडेसहा तास असतं. सकाळी सोपवल्यापासून संध्याकाळी नेईपर्यंतचा काळ मोजला, तर तो साडेनऊ तास भरतो.

तासाला 25 रुपये धरू. साडेसहा तासांचे दिवसाला 162 रुपये 50 पैसे, म्हणजे 26 दिवसांचे 4,225 रुपये. साडेनऊ तासांचे दिवसाला 237 रुपये 50 पैसे, महिन्याचे 6,175. फरक 1,950 रुपयांचा, आणि हा सगळा फरक मूल मावशींच्या घरात नसतानाचा आहे!

आई म्हणेल, "मूल तुमच्याकडे नसताना कसले पैसे?" मावशी म्हणतील, "मग त्या वेळात मी दुसरीकडे कामाला जाऊ का?" दोघींचंही खरं आहे, आणि गंमत इथेच सुरू होते.

त्या तीन तासांत मावशी नेमक्या काय करतात ते पाहा. मुलाला सोडून घरी यायला वेळ जातो, आणायला निघायचं म्हणून आधी आवरावं लागतं. मधल्या वेळात दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाता येत नाही, कारण मजुरी अर्ध्या दिवसाची झाली तरी ती काही साडेबाराच्या ठोक्याला सुटत नाही. बालवाडीतून निरोप येऊ शकतो की पोराला ताप भरलाय, लवकर न्या. सेविकाताई मीटिंगला गेल्या म्हणून वर्ग लवकर सुटू शकतो. हे तीन तास मोकळे दिसतात, पण बांधलेले असतात. एसटीत आरक्षण केलेली जागा तुम्ही पुढच्या थांब्यावर चढेपर्यंत रिकामी दिसते, तरी ती दुसऱ्याला देता येत नाही. तसंच हे.

म्हणजे सांभाळणारीला आपण मुलासोबतच्या तासांचे पैसे देतो हा समज अपुरा आहे. खरे पैसे आहेत ते हाकेच्या अंतरावर असण्याचे.

तीनच मुलं का?

इंग्लंडमध्ये जागा अडून राहण्याची ही गोष्ट कायद्यानेच अधोरेखित केली आहे. तिथे नोंदणी केलेली बालसांभाळ करणारी बाई एकटीने आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं ठेवू शकते. त्यांत अगदी लहान, म्हणजे साधारण पाच वर्षांखालची तीनच, आणि वर्षाच्या आतलं सहसा एकच. म्हणजे तिच्याकडे विकायला तीन 'जागा' आहेत. त्यांतल्या एका जागेवरचं मूल रोज दोन-तीन तास नर्सरीत जाऊन दुपारी परत येणार असेल, तर तेवढ्या तासांसाठी ती जागा कुणाला देणार? पूर्ण दिवसाचं मूल तिथे बसत नाही. म्हणून तिथे कुणी नर्सरीच्या तासांचा पूर्ण दर लावतं, कुणी जागा राखल्याचा अर्धा दर लावतं, तर कुणी काहीच घेत नाही पण तासाचा दर चढा ठेवतं.

त्यात सरकारी सवलतीची भर. इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्याला 15 तास मोफत मिळतात, पण वर्षाच्या 38 आठवड्यांपुरते. म्हणजे 570 तास. उरलेल्या 14 आठवड्यांचं काय, हा प्रश्न तिथल्या मराठी घरांनाही पडतोच. शाळेच्या सुट्ट्या असतात, कंपनीच्या नसतात.

आता हाच गणिताचा धागा आपल्याकडे आणा. आपल्या पाळणाघरांसाठीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक सांभाळणारी, असं प्रमाण आहे. एका बाईची मजुरी तीन मुलांवर वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो. विसांवर वाटली तर विसावा. महाराष्ट्रात 2025-26 साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती, म्हणजे 26 दिवसांचे 8,112. आपल्या उदाहरणातल्या मावशींना एका मुलामागे 4,225 मिळाले तर तेवढी मजुरीही सुटत नाही. दुसरं मूल आलं की ती जेमतेम ओलांडली जाते. म्हणजे एका मुलाचा दर ठरतो तो शेजारच्या मुलावर! तुमच्या मुलाबरोबर मावशींकडे आणखी किती मुलं आहेत, यावर तुमचा खर्च आणि तुमच्या मुलाच्या वाट्याला येणारं लक्ष या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात. एक स्वस्त झालं की दुसरं पातळ होतं.

पॅरिसची युक्ती, स्वीडनची युक्ती

फ्रान्सने यातून एक देखणी वाट काढली आहे. तिथे घरी मुलं सांभाळणारी परवानाधारक बाई ही पालकांची रीतसर नोकर असते. वर्षभरात किती आठवडे, आठवड्याला किती तास, हे आधी करारात लिहायचं. त्याची बेरीज करून बारा समान हप्ते पाडायचे. सुट्टीचा महिना असो की कामाचा, पगार तोच. याशिवाय खेळणी, वीज, पाणी अशा झिजेचा भत्ता वेगळा, आणि तो मात्र मूल ज्या दिवशी खरंच आलं त्याच दिवसाचा. खाण्याचंही तसंच.

यातली बारकाई बघा. तयार राहण्याचे पैसे वेगळे आणि मूल आल्याचे पैसे वेगळे. आपल्या भांडणाची गाठ तिथेच सुटते.

हीच युक्ती आपल्या आकड्यांना लावू. वर्षाचे दहा महिने बालवाडी चालते, तेव्हा 4,225. मे महिना आणि दिवाळी धरून दोनेक महिने ती बंद, तेव्हा मूल पूर्ण दिवस मावशींकडे, म्हणून 6,175. दहा महिन्यांचे 42,250 आणि दोन महिन्यांचे 12,350 मिळून 54,600. त्याला बाराने भागा. दरमहा 4,550 रुपये. मे महिन्यात आईच्या पोटात गोळा नाही आणि जूनमध्ये मावशींच्या घरात चणचण नाही. दूध-बिस्किटांचे पैसे मूल आलेल्या दिवसांपुरते वेगळे मोजायचे, झालं!

स्वीडनने तर प्रश्नच फिरवला. 2002 मध्ये तिथे शुल्काची कमाल मर्यादा आली. पहिल्या मुलासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाच्या 3 टक्के, दुसऱ्यासाठी 2, तिसऱ्यासाठी 1, आणि तेही एका ठरावीक रकमेच्या आतच. मूल किती तास ठेवणार, यापेक्षा तुमची कमाई किती, हे आधी विचारायचं.

हे ऐकून लांबचं वाटेल, पण आपल्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेतही पायऱ्या होत्याच. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिन्याला मुलामागे 20 रुपये, 12,000 पर्यंत मासिक उत्पन्न असलेल्यांना 100 आणि त्यावर 200. तासांचा उल्लेख नाही. बाकीचा भार सरकार आणि संस्थेने उचलायचा.

पैशाशिवायचा व्यवहार

भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत पैशाहून जुनं एक चलन आहे, सावड. आज तुझ्या आवणीला मी, उद्या माझ्या आवणीला तू. मुलं सांभाळण्यातही हाच न्याय चालतो. एक म्हातारी बांधावर चार घरांची पोरं राखते आणि तिच्या घरची आवणी चार घरच्या सुना उरकतात. कागदावर काही नाही, पण कुणाकडे कुणाची किती सावड फिरते, हे सगळ्यांच्या लक्षात असतं.

अशी फेड कागदावर उतरवली तर काय होतं, याची एक भन्नाट कथा वॉशिंग्टनची आहे. कॅपिटल हिल भागातल्या दीडशेच्या आसपास जोडप्यांनी एक मंडळ काढलं. एकमेकांची मुलं सांभाळायची आणि त्याबदल्यात अर्ध्या तासाचं एक कूपन घ्यायचं. काही दिवसांत प्रत्येकाला वाटायला लागलं की अडीअडचणीला चार कूपनं गाठीशी हवीत. झालं! सगळे मुलं सांभाळायला तयार, पण बाहेर जायला कुणीच तयार नाही. बाहेर कुणी जात नाही म्हणून कूपन कमवायची संधीही नाही. घराघरांत मंदी आली! उपाय सापडला तो आणखी कूपनं छापण्याचा. पुढे ती इतकी झाली की कूपनं खिशात आणि सांभाळायला माणूस नाही, अशी उलटी गत झाली. या मंडळाचा अनुभव जोन आणि रिचर्ड स्वीनी यांनी 1977 मध्ये अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात मांडला, आणि पुढे पॉल क्रुगमन यांनी मंदी समजावून सांगायला तो पुन्हापुन्हा वापरला. मुलं सांभाळण्याच्या देवाणघेवाणीत अख्ख्या देशाची अर्थव्यवस्था दिसू शकते, ती अशी.

उशिराचा दंड उलटतो

आता शेवटचा तुकडा, संध्याकाळचा. बस महामार्गावर अडकली, आई चारऐवजी साडेचारला आली. उशिराचे पैसे लावावेत का?

इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या दोघांनी हाच प्रश्न दहा पाळणाघरांत 20 आठवडे तपासला. सहा पाळणाघरांत नियम केला की दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर 10 शेकेल दंड. बाकी चार जशीच्या तशी. वाटेल की दंडाने पालक वेळेवर यायला लागले असतील. झालं उलटंच. उशिरा येणारे वाढत वाढत जवळपास दुप्पट झाले! आधी उशीर झाला की पालकांना ओशाळं वाटायचं, बाईंना थांबावं लागलं म्हणून मनाला टोचायचं. दंड आला आणि ते टोचणं गेलं. दहा शेकेल दिले की थांबणं विकत मिळालं. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर काही कमी झाला नाही. हा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून दर लावताना जपून. काही गोष्टींना किंमत लावली की त्यांचं मोल उतरतं. आणि किंमत अजिबात लावली नाही, तर ते काम दिसेनासंच होतं. 2024 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ सरासरी 289 मिनिटं निघाला, पुरुषांचा 88. मावशींच्या तीन 'रिकाम्या' तासांवर घासाघीस होते, त्याचं मूळ या आकड्यांत आहे. जे काम घरोघरी फुकट होतं, त्याला पैसे मागितले की अंगावर येतं.

तरी आपल्याच कायद्यात एक सुंदर नोंद झालेली आहे. 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद केली गेली की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांतल्या एकीला मुलं राखायला नेमायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. खड्डा खणणारीला जितकी, तितकीच झाडाखाली पोरं राखणारीला.

एका छपराखाली

दिवसाचे तुकडेच पडू नयेत, अशी सोय असते का? ती महाराष्ट्रात होऊन गेली आहे. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारणाऱ्या संस्थापकांतल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला गेल्या. सोबत पुणे जिल्ह्यातल्या मोरगावात जन्मलेल्या अनुताई वाघ. 1957 मध्ये त्यांचं बालशिक्षणाचं काम आजच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांत त्यांना दिसलं की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे. त्या मुलीला तर कुणी पैसेही देत नव्हतं. तिने भरलेली किंमत म्हणजे तिची शाळा. म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' केली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. ने-आण नाही आणि मधली फटही नाही.

केंद्राने 2022 मध्ये 'मिशन शक्ती'खाली आणलेली 'पाळणा' योजना त्याच वाटेवरची आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची 25 मुलं, महिन्याला 26 दिवस, दिवसाला साडेसात तास. देशभरात अशा 17,000 अंगणवाडी-पाळणाघरांचं लक्ष्य ठेवलं गेलं. आपल्या उदाहरणातल्या साडेनऊ तासांतले साडेसात भरून निघाले, तर मावशींकडे उरतात फक्त दोन. दुसरी वाट कारखान्याची. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा दिली. पण शिरवळच्या कंपनीत पाळणाघर झालं, तर कामथडीतलं चार वर्षांचं मूल रोज नदीपार जाणार आणि गावच्या अंगणवाडीला मुकणार. तान्ह्यासाठी आईजवळचं पाळणाघर बरं, बालवाडीच्या वयाच्या मुलासाठी गावातलं. म्हणून सगळ्यात जास्त नड आहे ती गावातल्या अंगणवाडीलाच पाळणा जोडण्याची. ती मागणी ग्रामसभेत करता येते आणि करायला हवी.

तोवर मावशी आहेतच. त्यांच्याकडे मूल ठेवण्याआधी पाच गोष्टी तोंडी नव्हे, वहीत लिहून ठरवा. बालवाडीच्या तासांचे पैसे पूर्ण, अर्धे की नाहीत. सोडणं-आणणं कुणी करायचं आणि ते दरात धरलंय का. मे आणि दिवाळीच्या सुट्टीत काय. मूल आजारी पडलं किंवा मावशी आजारी पडल्या तर त्या दिवसाचं काय. आणि उशीर झाला तर दंड नको, फोन हवा. रक्कम ज्याच्या त्याच्या ऐपतीने कमी-जास्त होईल, पण त्या तीन तासांचा आकडा शून्य धरू नका. तुम्ही निर्धास्त कामावर जाता, ते त्या तासांतही कुणीतरी तुमच्या मुलासाठी मोकळं राहिलेलं असतं म्हणून.